नव्वदची टेप

इस्लामपुरात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत मौला शिकलगार यांचं दुकान आहे. त्यांचे वडील आणि आजोबा सुऱ्या-कात्र्यांना धार लावायचे. मौलाचाचांनी सोळाव्या वर्षी घरातला रेडिओ उघडला, तो परत जोडला, तो वाजला, आणि त्या दिवसापासून धारेचं चाक सुटलं ते सुटलंच. कॅसेटच्या काळात लोक गाण्यांची यादी आणून द्यायचे आणि चाचा कॅसेट भरून द्यायचे. आता त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. दुकानात मिक्सर येतात, टेबलफॅन येतात, देवळाचे आणि मशिदीचे भोंगे एकाच फळीवर शेजारी शेजारी पडलेले असतात. टेपरेकॉर्डर वर्षाकाठी दोन-चार आले तर आले.

मी साताऱ्याला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. चाचांची आणि माझी ओळख झाली ती 'वीजवारा'मुळे.

'वीजवारा' हा आटपाडीचा बँड. पितळी वाद्यांचा नव्हे, विजेच्या वाद्यांचा. भाऊसो विभूते नावाचे रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ होते. त्यांनी मोडक्या रेडिओंचे भाग आणि जुन्या पेटीच्या पट्ट्या जुळवून स्वतःच एक वाद्य बनवलं. पट्टीवर बोट ठेवलं की त्यातून कधी मधमाश्यांसारखा, तर कधी लांबच्या विहिरीवरच्या इंजिनासारखा आवाज निघायचा. सोबतीला दोन-तीन मित्र, पत्र्याचे डबे आणि एक ट्रॅक्टरची बॅटरी. लग्नात, जत्रेत हे लोक वाजवायचे. आधी लोकांच्या ओळखीची गाणी व्हायची, आणि शेवटी भाऊसो आपलं स्वतःचं काहीतरी सुरू करायचे. तोवर मांडव बहुतेक रिकामा झालेला असायचा. १९८९ साली त्यांची एक कॅसेट निघाली. ती खपली नाही. बँड मोडला. २००७ मध्ये भाऊसो वारले.

पाचेक वर्षांपूर्वी ती कॅसेट कुणीतरी इंटरनेटवर टाकली आणि कुठकुठले लोक ती ऐकायला लागले. मी पेपर तपासताना ती पहिल्यांदा ऐकली आणि पेपर तसेच राहिले. दुष्काळी तालुक्यात, वीज दिवसातून चार तास असताना, एका माणसानं हे आवाज कुठून काढले हे मला कळेना. मग मी एक यादी करायला घेतली: बँडमध्ये कोण कोण होतं, कधी कुठं वाजवलं, काय ध्वनिमुद्रित झालं. यादी सगळ्यांना बघता येईल अशी ठेवली. त्यामुळे मला निरोप यायला लागले, आणि निम्म्याहून जास्त निरोप एकाच गोष्टीबद्दल असायचे. पहिल्या कॅसेटच्या आधीची एक टेप आहे म्हणे. १९८६ सालची. दीड तासाची. कॅसेटमध्ये आहे त्याहून कितीतरी वेगळी.

कुणी म्हणायचं ती जळाली, कुणी म्हणायचं परदेशात गेली. प्रत्यक्ष ऐकलेला माणूस मात्र सापडत नव्हता. एक दिवस खंडाळ्याच्या राजवर्धन नावाच्या तरुणाचा फोन आला. जुन्या कॅसेटी गोळा करण्याचा त्याला नाद होता. टेप आपल्याकडे आहे, एका ओळखीच्या माणसाकडून मिळाली, असं तो म्हणाला. ती त्यानं मला विश्वासानं आणून दिली. आता ती खरी की खोटी हे सांगणारा माणूस हवा होता. चौकशी करता करता दोघा-तिघांनी एकच नाव सांगितलं, म्हणून मी इस्लामपूरची गाडी धरली.

चाचांनी टेप लगेच लावली नाही. आधी ती उजेडात धरली, पाचही स्क्रू बघितले, आत टेपेच्या मागे असतो तो मऊ नमद्याचा तुकडा बोटाच्या टोकानं दाबला, मग नाकाजवळ नेली. कॅसेट जुनी आहे, असं म्हणाले. मग डेकमध्ये घालून दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्या. दुपारचे दोन तास गेले. मी विचारलं, काय वाटतं? त्यांनी आठ दिवस मागितले.

आठ दिवसांनी गेले तर त्यांच्यापुढे मिरजेच्या कानाच्या डॉक्टरांचा कागद होता. आपण मत द्यायचं तर आधी आपला कान कसा आहे हे तपासायला हवं, असं त्यांना वाटलं होतं. डाव्या कानाला बारीक आवाज कमी ऐकू येतात असं निघालं. ते त्यांनी मला यादीत लिहायला सांगितलं. मला हसू आलं, पण ते हसत नव्हते.

मग त्यांनी टेप लावली आणि एका जागी आणून थांबवली. "हितं ऐक. उजव्या कानानं मी चारदा ऐकलंय."

भाऊसोंच्या वाद्याच्या मागे, अगदी बारीक, टर्र-टर्र-टर्र असा आवाज होता. मोबाइल स्पीकरजवळ ठेवला की फोन वाजण्याच्या आधी जो येतो, तोच.

"शहाऐंशी साली आटपाडीत कुणाकडं मोबाईल व्हता?" चाचा म्हणाले.

कॅसेट जुनी होती, पण तिच्यावर नवं काहीतरी भरलं होतं. १९८९ च्या कॅसेटमधलेच तुकडे उलटसुलट जोडून कुणीतरी ती तयार केली होती. मी राजवर्धनला कळवलं. त्याला फसवलं गेलं होतं, त्यानं कुणाला फसवलं नव्हतं. चाचांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि त्याला सांगितलं की कॅसेटचं खोकं अस्सल आहे, ते जपून ठेव.

ही टेप खोटी निघाली तरी दीड तासाच्या टेपेबद्दल लोकांचं बोलणं थांबेना. म्हणून मी दुसरी वाट धरली. टेप शोधण्यापेक्षा ही गोष्ट पहिल्यांदा कुणी कुणाला सांगितली तेच शोधायचं. राजवर्धनला टेपबद्दल सांगितलं होतं कराडच्या पप्पूनं. त्याची तिथं साउंड सिस्टिम आहे. पप्पूनं ते ऐकलं होतं त्याच्या चुलत्यांकडून. आणखी दोन जणांना विचारलं, तर दोघांचेही धागे त्याच चुलत्यांपर्यंत गेले. आप्पासो त्यांचं नाव. इस्लामपुरात त्यांचा चहाचा गाडा होता. मी त्यांना फोन केला. ते अगदी मोकळेपणानं म्हणाले की ही गोष्ट आपल्याला गाड्यावर बसून स्वतः मौलानं सांगितली. वीसेक वर्षं झाली असतील.

हे चाचांना सांगायला मी सात-आठ दिवस लावले. अखेर एका रविवारी गेले. ते एका भोंग्याच्या तारेला कथलाचा डाग देत होते. मी शक्य तितकं साधेपणानं सांगितलं. त्यांनी हातातली गरम सळई बंद केली, स्टँडवर ठेवली, आणि पंच्यानं हात पुसत बसले.

"व्हय," ते म्हणाले. "मीच."

मग त्यांनी जे घडलं ते सांगितलं. एका पावसाळ्यात भाऊसो टेपरेकॉर्डरचं हेड, म्हणजे टेपेवरचा आवाज उचलणारा भाग, बदलायला आटपाडीहून त्यांच्याकडे आले होते. हेड बसवल्यावर तपासायला म्हणून भाऊसोंनी पिशवीतली एक कॅसेट लावली. आपण आणि दोस्तांनी वाजवलंय म्हणाले. चाचांनी फार तर दहा मिनिटं ऐकली असेल. पण हातातलं काम सुटलं होतं एवढं त्यांना पक्कं आठवत होतं. साल कोणतं ते नक्की सांगता येत नव्हतं. लोक शोधतात ती दीड तासाची टेप म्हणजे हीच, हे मात्र त्यांना आज कळत होतं.

"मग दीड तास?" मी विचारलं.

"कॅसेट नव्वद मिनिटं मावणारी, नव्वदची व्हती. मी आप्पासोला म्हणलो, नव्वदची टेप हाय. त्यानं नव्वद मिनिटांचं गाणं धरलं." ते म्हणाले. "आन खरं सांगू का, मीबी त्याला आडवलं न्हाई. ऐकणारा खूश व्हायला लागला की बोलणारा वाढवत जातो, पोरी. शहाऐंशी सालबी मीच घातलं असणार. साल सांगितल्याबिगर गोष्ट पक्की वाटत न्हाई."

त्यांना वाईट वाटलं होतं, पण त्यांनी त्याचा बाऊ केला नाही. खोट्या टेपेमागे खंडाळ्याचा पोरगा लागला त्यात आपलाही हात आहे, एवढंच म्हणाले. मग म्हणाले, आता भाऊसोच्या घरी जायला पाहिजे. मी विचारलं, इतक्या वर्षांत का गेला नाहीत? तर भाऊसो गेल्याचं त्यांना दोन महिन्यांनी कळलं होतं. उशिरा कसं भेटायला जायचं, या संकोचात ते राहून गेलं, आणि एकदा राहिलं की मग दर वर्षी संकोच वाढतच गेला.

पुढच्या रविवारी आम्ही विट्यावरून आटपाडीला गेलो. चाचांनी सोबत दोन कॅसेटी बसणारा एक डेक, कोऱ्या कॅसेटी, दोन रबरी पट्टे, कापूस आणि स्पिरिटची बाटली घेतली होती. गावाबाहेर डाळिंबाच्या बागा दिसत होत्या. पूर्वी हे असलं काही नव्हतं, असं चाचा दोनदा म्हणाले.

घरी भाऊसोंच्या पत्नी बनुबाई होत्या आणि त्यांचा मुलगा सयाजी. सयाजीराव फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, आता बाग बघतात. बनुबाईंचं वय ऐंशीच्या घरात, पण नजर तीक्ष्ण. चाचांनी दारातच सांगितलं की मी यायला फार उशीर केला. बनुबाईंनी त्यांना ओळखलं नाही. पण हेड बदलल्याची गोष्ट सांगितल्यावर, ते मशीन मग लय दिवस चाललं, असं म्हणाल्या आणि बसायला सांगितलं. चहा झाला. मग मी टेपेचं विचारलं.

"टेप हाय की," त्या म्हणाल्या. "पण त्यात गाणं न्हाई. मी हाय."

सयाजीरावांनी ट्रंकेतून एका फौजी मफलरमध्ये गुंडाळलेली कॅसेट आणली. नव्वदची. वर निळ्या शाईत फक्त सयाजीरावांचं नाव आणि फौजेतला नंबर.

गोष्ट अशी होती. सयाजी भरती होऊन गेले तेव्हा घरात टेलिफोन नव्हता आणि बनुबाईंना लिहिता येत नव्हतं. लांबच्या पोराला कॅसेटवर बोलून ती पार्सलनं पाठवायची, असं त्या वेळी पुष्कळ घरांत चालायचं. बनुबाईंनाही बोलायचं होतं. घरात कोरी कॅसेट नव्हती. होती ती एकच.

"मी ह्यास्नी म्हणलं, ह्यात तुमचं वाजवल्यालं हाय," बनुबाई सांगू लागल्या. "तर म्हणले, वाजवल्यालं परत वाजवता येतंय. पोरगं आज ऐकायला बसलंय, त्याला आजच बोल. आन सोताच बटन दाबलं."

मी विचारलं, मग परत वाजवलं का त्यांनी?

"वाजवलं आसंल. मला कुठं त्यातलं कळतंय, बाई."

मी यादीत 'जळाली', 'परदेशात गेली', 'चोरीला गेली' अशा तीन वदंता लिहून ठेवल्या होत्या. आईचं बोलणं भरलं म्हणून पुसली गेली, ही त्यात कुठंच नव्हती.

चाचांनी विचारलं की बोलणं किती वेळ आहे. सयाजीरावांना नक्की आठवत नव्हतं. पण एक बाजू पूर्ण आणि दुसरीचा बराचसा भाग, असं ते म्हणाले. चाचांनी डेक काढला, हेड स्पिरिटनं पुसलं. मग बनुबाईंकडे वळून परवानगी मागितली. "वहिनी, तुमचं बोलणं मी ऐकणार न्हाई. दुसरी बाजू मी शेवटाकडून बघत येतो. माणसाचा आवाज आला की तिथंच थांबतो."

आणि त्यांनी तसंच केलं. टेप शेवटापर्यंत गुंडाळून ते थोडं थोडं मागे येऊ लागले. दर वेळी दोन सेकंद ऐकायचं, बंद करायचं, आणखी मागे यायचं. पहिल्यांदाच ऐकलं तेव्हा वाद्याचा आवाज आला. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. मागे येत राहिले. एका जागी एका बाईच्या आवाजातला अर्धा शब्द ऐकू आला, तिथं त्यांनी बोट उचललं.

तिथपासून शेवटापर्यंत अकरा मिनिटं होती.

आम्ही चौघांनी ती ऐकली. वाजवणं मधूनच सुरू होत होतं, कारण आधीचं पुसलेलं होतं. पत्र्याच्या डब्यावर एकसारखा ठेका, आणि त्यावर भाऊसोंचं वाद्य, फार हळू, एकेक सूर लांबवत. १९८९ च्या कॅसेटमध्ये जी घाई आहे ती इथं अजिबात नव्हती. शेवटची दोन मिनिटं मात्र सगळंच चढत चढत वर गेलं, ठेकासुद्धा, आणि मग टेप संपली. माझ्या अंगावर काटा आला. हे त्यांनी मुद्दाम केलं असेल का, असं मी चाचांना विचारलं.

"न्हाई. मशीनमधले सेल उतरले," ते म्हणाले.

ते बरोबर होतं, आणि मला, शिकवणाऱ्या बाईला, ते आधी सुचायला हवं होतं. भरताना मोटार मंदावली की नंतर नीट वेगानं लावल्यावर आवाज वर चढलेला ऐकू येतो. चाचांनी ठेक्यावरून किती चढला ते मोजलं आणि वहीत लिहिलं.

सालाचा प्रश्न राहिला होता. सयाजीरावांनी कानाला हेडफोन लावून आईचं बोलणं थोडं ऐकलं. उद्या नागपंचमी आहे आणि तुला जाऊन सात महिने झाले, असं आई म्हणते, एवढं त्यांनी आम्हाला सांगितलं. ते १९८८ च्या जानेवारीत गेले होते. म्हणजे वाजवणं त्या ऑगस्टच्या आधीचं, पहिल्या कॅसेटच्याही आधीचं. किती आधीचं ते सांगायला काहीच आधार नव्हता.

अकरा मिनिटं लोकांना ऐकवायला मायलेकांनी आनंदानं संमती दिली. बोलण्याचा भाग मात्र घरचा, तो द्यायचा नाही, असं ठरलं. चाचांनी वादनाची प्रत स्वतः केली, बोलण्याची प्रत दार बंद करून सयाजीरावांनाच करायला लावली, आणि मूळ कॅसेट परत मफलरमध्ये ठेवली.

यादीत काय लिहायचं ते चाचांनी मला पुढे बसवून सांगितलं. टेप खरी आहे. साल ऑगस्ट १९८८ च्या आधी, नक्की माहीत नाही. उपलब्ध वादन अकरा मिनिटं. दीड तास नव्हे. शेवटचा चढ वादकांचा नाही, सेल उतरल्यामुळे आलेला आहे. ऐकणाऱ्याचा डावा कान कमी. आणि सगळ्यांत वर एक ओळ: 'दीड तासाच्या आणि शहाऐंशी सालच्या वदंतेचा उगम: मौला शिकलगार, इस्लामपूर.'

ती ओळ घालायला मी तयार नव्हते. लोक नको ते बोलतील, असं मी म्हटलं.

"माझं नाव न्हाई घातलं तर उगम शोधायला लोक परत फिरतील," चाचा म्हणाले. "एवढं हिंडलो ते कशासाठी?"

मी ओळ घातली. लोक बोललेच. उरलेली टेप लपवून ठेवली आहे, हा म्हातारा आधी खोटं बोलला तर आता खरं कशावरून, असं बरंच काही. शेवटचा चढ सेलमुळे आहे हे तर कित्येकांना अजिबात आवडलं नाही. तोच तुकडा त्यांना सगळ्यांत जास्त भावला होता. चाचांनी मला ते सगळं वाचून दाखवायला लावलं. मध्ये एकदा फक्त एका माणसाचा प्रश्न त्यांना पटला. हेडच्या कोनाबद्दल तो काही म्हणत होता. त्यांनी डेक तपासला, कोन किंचित चुकलेला निघाला, आणि आम्ही नवी प्रत काढून ती इंटरनेटवर ठेवली. बाकीच्यांबद्दल ते म्हणाले, लिहू दे. राजवर्धन मात्र एक दिवस स्वतः इस्लामपूरला आला, दुकानात तीन तास बसला, आणि जाताना दुरुस्त केलेला डेक घेऊन गेला.

दिवाळीनंतर आम्ही पुन्हा आटपाडीला गेलो. बनुबाईंना आपलं बोलणं ऐकायचं होतं आणि त्यांच्या घरातला टेपरेकॉर्डर चालत नव्हता. चाचांनी तो दुरुस्त केला, कॅसेटची प्रत लावली, आणि मला घेऊन बाहेर ओट्यावर येऊन बसले. सयाजीरावही आमच्याबरोबर आले. आतून नुसता आवाजाचा चढ-उतार कळत होता, शब्द कळत नव्हते. चाळिशीतल्या बाईचा भरभर बोलणारा आवाज.

मी सयाजीरावांना म्हटलं, वडिलांचं ते वादन इतकी वर्षं कुणीच ऐकलं नाही याचं वाईट वाटतं.

"कोण म्हणतं ऐकलं न्हाई?" ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. ती कॅसेट त्यांना सिक्कीममध्ये मिळाली. आईचं बोलणं ते एकटे बसून ऐकायचे. पण ते संपल्यावर पुढं जे वाजायचं त्याचा आवाज बराकीत जायचा. बराकीत तमिळ होते, गढवाली होते, एक मणिपूरचा होता. एका रविवारी त्यांतल्या कुणीतरी विचारलं, हे काय आहे? सयाजी म्हणाले, वडील वाजवतात. तेव्हापासून दर रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बराकीतले सगळे ते लावायला सांगायचे. पावणेदोन वर्षं, सयाजींची बदली होईपर्यंत. सेल महाग मिळायचे वर, तर सगळे मिळून आणायचे.

"वडिलांना सांगितलं होतंत का?" मी विचारलं.

"सुट्टीला आलो तवा सांगितलं. हसले आन विचारलं, किती जण आसतील? मी म्हणलं, तीस-बत्तीस. संध्याकाळी आईला म्हणले, एवढी माणसं आमच्यापुढं कवा बसली न्हाईत."

चाचांनी खिशातून वही काढली आणि सयाजीरावांना बराकीतल्या जितक्या जणांची नावं आठवतात तितकी सांगायला लावली. नऊ आठवली. ती त्यांनी एकाखाली एक लिहून घेतली आणि जी दोन नक्की आठवत नव्हती त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह केलं. आतला आवाज थांबला होता. बनुबाई दारात आल्या आणि म्हणाल्या की मी केवढी भरभर बोलत होते, पोराला काही कळलं तरी का. सयाजीराव म्हणाले, सगळं कळलं. मग त्या चहा टाकायला आत गेल्या.